एकमेकींना वापरणाऱ्या दोन भाषांत टाइपचे विश्लेषण कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या नियमांनी करावे?

प्रश्न : दुभाषी_यंत्र

जेव्हीएमवर, म्हणजे जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या आभासी यंत्रावर, चालणाऱ्या एका लहान भाषेचा कंपाइलर मी लिहीत आहे. भाषा स्थिर टाइपांची आहे. फंक्शनचा रिटर्न टाइप लिहिला नसेल तर तो बॉडीवरून अनुमानाने काढला जातो, आणि एखादे मूल्य नल (म्हणजे रिकामे) असू शकते की नाही हे टाइपमध्येच सांगावे लागते. भाषा एकटी असते तेव्हा सारे व्यवस्थित चालते. अडचण सुरू होते ती एकाच प्रकल्पात जावाच्या आणि माझ्या भाषेच्या फाइली शेजारी शेजारी ठेवल्यावर.

सुरुवातीला मी जावाचा कंपाइलर आधी चालवत होतो आणि त्यातून निघालेल्या क्लास फाइली वाचून माझ्या बाजूचे टाइप तपासत होतो. जावाने माझ्या भाषेतला एक क्लास वापरताच ही पद्धत कोलमडली. आता उदाहरणादाखल अशी स्थिती आहे : जावातला ‘खाते’ हा क्लास माझ्या भाषेतल्या ‘नोंद’ या क्लासपासून उतरलेला आहे, आणि ‘नोंद’मधली एक मेथड ‘खाते’ या टाइपची यादी परत करते. कोणताही कंपाइलर आधी चालवला तरी त्याला दुसऱ्याचे फळ हवे असते, जे अजून तयार झालेले नसते.

दुसरी अडचण टाइपच्या अंतर्गत मांडणीची आहे. जावाचे टाइप आणि माझ्या भाषेचे टाइप मी एकाच रचनेत साठवतो. आरंभी ते सोयीचे वाटले, पण आता उपटाइप, म्हणजे एक टाइप दुसऱ्याच्या जागी चालतो का, हे तपासणाऱ्या फंक्शनमध्ये जागोजागी ‘हा टाइप जावातून आला असेल तर’ अशा अटी घुसल्या आहेत आणि एक अट दुरुस्त केली की दुसरीकडे चूक निघते.

तिसरी अडचण नलची. जावातून येणारा प्रत्येक संदर्भ नल असू शकतो असे धरले, तर वापरणाऱ्याला दर ओळीला तपासणी लिहावी लागते. नल नसतो असे धरले, तर माझ्या भाषेने दिलेली हमीच खोटी ठरते. या तिन्हींवर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद : मधली_ओळ

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो, कारण तो सुटल्याशिवाय बाकीचे दोन हाताळण्यात अर्थ नाही.

कोंबडी आधी की अंडे आधी असा हा पेच दिसतो, पण तो दिसतो तितका खरा नाही. ‘नोंद’ तपासण्यासाठी आपल्याला ‘खाते’ या क्लासचा बाइटकोड, म्हणजे कंपाइलरने जेव्हीएमसाठी तयार केलेला संच, लागत नाही. त्याचे नाव, त्याचा पालक, त्याच्या मेथडींची नावे, पॅरामीटर आणि रिटर्न टाइप एवढेच लागते. म्हणजे दोन भाषांच्या मधल्या सीमेवरून फक्त घोषणा पलीकडे जाव्या लागतात, बॉडी नाही. हे एकदा मान्य केले की प्रश्न ‘आधी कोण’ हा उरत नाही, ‘बॉडीला हात न लावता घोषणा कशा मिळवायच्या’ हा उरतो.

प्रचलित भाषांनी याची दोन उत्तरे दिलेली आहेत. ग्रूव्हीचा कंपाइलर आपल्या क्लासांचे जावामध्ये पोकळ सांगाडे तयार करतो, ज्यांना स्टब म्हणतात. ते स्टब आणि खऱ्या जावा फाइली जावाच्या कंपाइलरला एकत्र दिल्या जातात, आणि त्यातून क्लास फाइली निघाल्या की मग ग्रूव्हीचे खरे कंपाइलिंग होते. कोटलिन आणि स्काला यांनी उलट वाट धरली. त्यांचे कंपाइलर जावाची सोर्स फाइल स्वतःच वाचतात, तिच्यातून घोषणा उचलतात, आपले बाइटकोड तयार करतात, आणि त्यानंतर जावाचा कंपाइलर त्या तयार क्लासांच्या आधारे चालतो.

तुमच्या भाषेसाठी मी दुसरी वाट सुचवेन, आणि त्याचे कारण तुम्हीच प्रश्नात लिहिले आहे. तुमच्याकडे रिटर्न टाइप अनुमानाने निघतो. स्टब काढायचा तर त्यात रिटर्न टाइप लिहावाच लागतो. तो कळण्यासाठी बॉडी तपासावी लागते. आणि बॉडी तपासायची तर जावाचे क्लास माहीत असावे लागतात, जे मिळवण्यासाठीच स्टब काढायला निघालो होतो. जावाच्या बाजूला ही भानगड नाही. तिथे मेथडचा रिटर्न टाइप नेहमी लिहिलेला असतो. 2018 साली आवृत्ती 10 मध्ये ‘व्हार’ (टाइप न लिहिता अनुमानावर सोडणारा शब्द) आला तोही केवळ स्थानिक व्हेरिएबलांसाठी. त्यामुळे जावाची घोषणा बॉडी न उघडता वाचता येते आणि तिचा पार्सर (सोर्स वाचून रचना ओळखणारा भाग) मेथडच्या कंसापर्यंत येऊन बॉडी सरळ ओलांडू शकतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. जावाची सोर्स फाइल स्वतः वाचायची ठरवली, तर ॲनोटेशन (कोडवर लावलेली खूण) वाचून कोड तयार करणाऱ्या प्रोसेसरांनी कंपाइलिंगच्या वेळी निर्माण केलेल्या मेथडी तुम्हाला दिसणार नाहीत, कारण त्या फाइलीत लिहिलेल्याच नसतात. लॉम्बॉक या जावा लायब्ररीने तयार केलेले गेटर (फील्डची किंमत देणाऱ्या मेथडी) कोटलिनला दिसत नाहीत ही तक्रार याच कारणाने उद्भवली, आणि अखेर त्यासाठी वेगळे प्लगिन करावे लागले.

प्रतिसाद : उलटतपासणी

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल. मला हे दोन प्रश्न वेगळे वाटत नाहीत.

दोन टाइप व्यवस्था एका रचनेत कोंबणे म्हणजे एका म्यानात दोन तलवारी ठेवणे आहे. जावाच्या दृष्टीने स्ट्रिंगांचा ॲरे हा ऑब्जेक्टांच्या ॲरेचा उपटाइप आहे आणि चुकीची वस्तू आत टाकली तर ती चूक चालू प्रोग्राममध्ये अपवाद फेकून कळते. तुमच्या भाषेत तसे नसेल, तर ‘हा त्याचा उपटाइप आहे काय’ या एकाच प्रश्नाला दोन वेगवेगळी, आणि आपापल्या जागी बरोबर, उत्तरे आहेत. दोन्ही उत्तरे एकाच फंक्शनकडून मागितली की त्यात त्या ‘जावातून आला असेल तर’ अटी उगवणारच. जावाचे टाइप जावाच्याच मांडणीत, वाचले तसे, कच्चे ठेवावेत. तुमच्या भाषेतल्या कोडने त्यांना हात लावला त्या क्षणी, एकाच ठिकाणी असलेल्या भाषांतर-फंक्शनमधून ते तुमच्या टाइपांत उतरवावेत. उपटाइपाचा नियम मग फक्त तुमचे टाइप पाहतो. भाषांतर मात्र प्रामाणिक हवे : जावाचा ॲरे तुमच्या नेहमीच्या ॲरेत न उतरवता ‘यातून वाचता येते, लिहिण्याची खात्री नाही’ अशा स्वरूपात उतरवणे भाग पडते, आणि कोटलिन तेच करते.

आता नल. जावातून आलेल्या टाइपबद्दल खरी माहिती ‘नल असू शकतो’ ही नाही आणि ‘नसतो’ ही देखील नाही. ती ‘सांगितलेले नाही’ अशी आहे. तिसऱ्या उत्तराला तुमच्या मांडणीत जागाच नसल्यामुळे तुम्हाला पहिल्या दोन खोट्यांतून एक निवडावे लागत आहे. कोटलिननेही 1.0 येण्यापूर्वीच्या काळात जावाचे सारे संदर्भ नल असू शकणारे मानून पाहिले होते, आणि नंतर तो मार्ग सोडून प्लॅटफॉर्म टाइप आणले. त्रुटी-संदेशांत टाइपच्या नावापुढे उद्गारचिन्ह दिसते तो हा टाइप. प्रोग्रामरला तो स्वतः लिहिता येत नाही. तो केवळ कंपाइलरच्या मनात असतो. स्विफ्टमध्येही हीच तडजोड वेगळ्या रूपात आहे : ऑब्जेक्टिव्ह-सीची घोषणा नलबद्दल काही सांगत नसेल, तर तिचा टाइप आपोआप उलगडणाऱ्या ऑप्शनलच्या (नल असू शकणारे, पण तपासणी न करता वापरू देणारे मूल्य) रूपात येतो. पूर्ण सुरक्षा यातून मिळत नाही, पण दगडापेक्षा वीट मऊ.

असा टाइप मांडण्याची सोपी रीत म्हणजे त्याला एक टाइप न समजता पल्ला समजणे. खालची मर्यादा ‘नल नसलेली स्ट्रिंग’, वरची मर्यादा ‘नल असू शकणारी स्ट्रिंग’. हा पल्ला दुसऱ्या टाइपच्या जागी चालतो का हे पाहताना खालची मर्यादा तपासायची. दुसरा टाइप या पल्ल्याच्या जागी चालतो का हे पाहताना वरची. एवढ्याने दोन्ही दिशांनी सवलत मिळते.

पण येथे एक खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलेलो असल्यामुळे तो थोडा विस्ताराने सांगतो. वरच्या नियमाने नल असू शकणारी स्ट्रिंग पल्ल्याच्या जागी चालते. पल्ला नल नसलेल्या स्ट्रिंगच्या जागी चालतो. मात्र नल असू शकणारी स्ट्रिंग नल नसलेल्या स्ट्रिंगच्या जागी चालत नाही, आणि चालता कामा नये. म्हणजे उपटाइपाचे नाते आता संक्रमक राहिलेले नाही. अनुमान काढणाऱ्या तुमच्या कोडने कोठेही ‘अ हा ब-चा, ब हा क-चा, म्हणून अ हा क-चा’ असा आडवा मार्ग घेतला असेल, किंवा समान ठरलेले टाइप एका गटात टाकून गटाचा एकच प्रतिनिधी ठेवला असेल, तर नल चोरपावलांनी आत येतो आणि तपासणीला त्याचा पत्ता लागत नाही. माझ्या बाबतीत चूक फक्त तेव्हा दिसे, जेव्हा जावाची मेथड जेनेरिक (टाइपच पॅरामीटर म्हणून घेणारी) असे आणि तिचा निकाल आणखी एका जेनेरिक फंक्शनला दिला जाई. साध्या चाचण्या सगळ्या हिरव्या होत्या. ग्रॅज्युअल टायपिंगचा (काही टाइप लिहिलेले, काही अज्ञात ठेवलेले अशा पद्धतीचा) पाया घालणाऱ्या सीक आणि ताहा यांच्या 2006 च्या मांडणीतही अज्ञात टाइपशी असलेले ‘सुसंगती’चे नाते मुद्दाम असंक्रमक ठेवले आहे, आणि कारण नेमके हेच आहे.

जेथे जावाच्या बाजूला ॲनोटेशन असेल तेथे पल्ला आवळून नेमका टाइप घ्यावा. 2024 च्या जुलैमध्ये जेस्पेसिफाय या नलविषयक ॲनोटेशनांच्या प्रमाणित संचाची 1.0 आवृत्ती आल्यापासून या ॲनोटेशनांचा अर्थ तरी एका ठिकाणी नीट लिहिलेला सापडतो, आणि कोटलिन 2.1 पासून त्यांचा भंग हा इशारा न राहता मूलतःच त्रुटी धरला जातो. एक फरक लक्षात ठेवा. जावा 8 च्या आधीची ॲनोटेशने मेथडवर किंवा पॅरामीटरवर बसत. त्यानंतरची टाइपवर बसू शकतात. त्यामुळे स्ट्रिंगच्या ॲरेआधी ‘नलेबल’ लिहिलेले असेल, तर जुन्या पद्धतीच्या ॲनोटेशनमध्ये तो ॲरे नल असू शकतो आणि नव्या पद्धतीत ॲरेतले घटक नल असू शकतात. मजकूर तोच, अर्थ दोन. ॲनोटेशनच्या स्वतःच्या घोषणेत ते कशावर बसू शकते हे पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

प्रतिसाद : जुना_जावावाला

तिन्ही प्रश्नांना एक साधे उत्तर आहे : हा गुंता होऊच देऊ नये. प्रकल्पाचे दोन मोड्यूल करावेत, अवलंबन एकाच दिशेने ठेवावे, आणि मधल्या ठिकाणी जावाचे इंटरफेस ठेवून चक्र तोडावे. मग क्लास फाइली वाचणे पुरेसे होते. दुसऱ्या भाषेचा पार्सर लिहिण्याची गरजच राहत नाही. माझ्या मते भाषेच्या पहिल्या काही आवृत्त्यांत एवढेच उपलब्ध ठेवावे.

प्रतिसाद : मधली_ओळ

जुना_जावावाला यांचे म्हणणे नव्या प्रकल्पासाठी योग्य आहे. मात्र अशी भाषा बहुतेक वेळा जुन्या जावा प्रकल्पात एकेक फाइल बदलत शिरते, आणि अशा प्रकल्पात चक्रे आधीच असतात. एक फाइल बदलण्यासाठी संपूर्ण प्रकल्पाची फेरमांडणी करावी लागली, तर ती फाइल कोणी बदलणार नाही. शिवाय मोड्यूल वेगळे केल्याने क्रमाचा प्रश्न मिटतो. नलचा आणि ॲरेचा मिटत नाही.

प्रतिसाद : दुभाषी_यंत्र

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या आठवड्यात जावाच्या घोषणा वाचणारा पार्सर जोडला, टाइपच्या दोन मांडण्या वेगळ्या केल्या आणि पल्ल्याची कल्पना राबवली. ‘खाते’ आणि ‘नोंद’ यांचे उदाहरण आता चालते, आणि उपटाइपाच्या फंक्शनमधून जावाचा उल्लेख पूर्णपणे गेला.

दोन गोष्टी अडल्या आहेत. पहिली : माझ्या भाषेतला एक क्लास जावाच्या क्लासपासून उतरतो, तो जावाचा क्लास माझ्या भाषेतल्या दुसऱ्या क्लासपासून, आणि तो पुन्हा पहिल्यापासून. ही प्रोग्रामरची उघड चूक आहे, पण माझा कंपाइलर त्रुटी न सांगता स्टॅक संपेपर्यंत फिरत राहतो. दुसरी : बॉडी कधीच लागत नाही असे धरले होते, तरी माझ्या भाषेतल्या एका स्थिरांकाची किंमत जावातल्या स्थिरांकावर अवलंबून निघाली आणि जावातल्या स्थिरांकाची माझ्या बाजूच्या तिसऱ्या स्थिरांकावर.

प्रतिसाद : मधली_ओळ

स्थिरांकांचा अपवाद मी आधीच सांगायला हवा होता. ती माझी चूक. जावामध्ये ‘स्टॅटिक फायनल’ असलेल्या आणि ज्याची किंमत कंपाइलिंगच्या वेळीच ठरते अशा मूळ टाइपच्या किंवा स्ट्रिंगच्या फील्डची किंमत वापराच्या जागी थेट उतरवली जाते, त्यामुळे तिथे बरोबरच्या उजवीकडचे पद हा घोषणेचाच भाग मानावा लागतो. ॲनोटेशनला दिलेल्या किमतींचेही तसेच. म्हणून तुमच्या पार्सरने मेथडच्या बॉडी ओलांडाव्यात, पण अशा फील्डांची पदे झाडाच्या रूपात राखून ठेवावीत आणि मागणी येईल तेव्हाच सोडवावीत.

पहिल्या अडचणीचा उपाय यातच आहे. प्रत्येक घोषणेच्या प्रत्येक अंगाला, म्हणजे पालक, मेथडींची यादी, रिटर्न टाइप, स्थिरांकाची किंमत यांना, तीन अवस्था द्याव्यात : अजून पाहिलेले नाही, पाहणे चालू आहे, पाहून झाले. काम सुरू करताना दुसरी अवस्था लावायची. दुसऱ्या अवस्थेत असलेल्या अंगाचीच पुन्हा मागणी आली, तर चक्र सापडले. तेथे त्रुटी नोंदवावी, त्या जागी त्रुटी-टाइप ठेवावा आणि पुढे जावे. ही नोंदवही दोन्ही भाषांसाठी एकच असली पाहिजे. टाइपच्या मांडण्या दोन असाव्यात हे जितके खरे, तितकेच हे की घोषणांचे कोष्टक एकच असावे. तुमचे चक्र नेमके दोन कोष्टकांच्या फटीतून निसटत आहे असा माझा कयास आहे.

अवस्था प्रत्येक क्लासला एक अशी न ठेवता प्रत्येक अंगाला वेगळी ठेवण्याचा आग्रह मुद्दाम धरतो. ‘नोंद’चा पालक शोधताना फिरून ‘नोंद’चाच पालक लागला तर ते चक्र, पण ‘नोंद’च्या मेथडींमध्ये ‘खाते’ येणे हे चक्र नव्हे. क्लासभर एकच खूण लावली, तर कंपाइलर निर्दोष कोडलाही चक्र म्हणेल.

प्रतिसाद : उलटतपासणी

आणखी एक ठिकाण तुम्ही अजून गाठलेले दिसत नाही, तेथे पोहोचण्याआधीच लिहून ठेवतो. एकाच नावाच्या अनेक मेथडी जावामध्ये असतील आणि तुमच्या भाषेतून त्यांतली एक बोलवायची असेल, तर निवड कोणाच्या नियमांनी करायची? उत्तर असे, की उमेदवारांची यादी जावा देते, निवड मात्र बोलावणाऱ्याच्या भाषेचे नियम करतात. जावाची स्वतःची निवड तीन टप्प्यांत होते : आधी बॉक्सिंगशिवाय (मूळ मूल्य वस्तूत न गुंडाळता), मग बॉक्सिंगसह, आणि शेवटी बदलत्या संख्येच्या पॅरामीटरांसह. हे टप्पे तुमच्या भाषेत हुबेहूब आणायचा मोह होईल. आणू नका, कारण तुमच्याकडे मूळ पूर्णांक आणि बॉक्स केलेला पूर्णांक हा भेद प्रोग्रामरला दिसतच नसेल, तर निकाल त्याला अनाकलनीय वाटेल. जावाच्या यादीवर ‘रिमूव्ह’ दोन आहेत, एक क्रमांक घेणारी आणि एक वस्तू घेणारी. पूर्णांकांच्या यादीत ही जोडी किती घातक आहे हे सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच कोटलिनने पहिलीचे नाव आपल्या बाजूला ‘रिमूव्हॲट’ असे बदलले.

निवड झाल्यावर मात्र बाइटकोडमध्ये जावाचेच वर्णन जसेच्या तसे लिहावे लागते, कारण जेव्हीएम मेथड शोधताना जेनेरिक पुसलेले पॅरामीटर आणि रिटर्न टाइप तंतोतंत जुळवते. त्या वर्णनासाठी तुमच्या टाइपांतून उलटा प्रवास करू नये. तो अनेकदा चुकतो. जावाची कच्ची घोषणा तुम्ही आता वेगळी ठेवलीच आहे, तिच्यातूनच वर्णन घ्यावे.

प्रतिसाद : दुभाषी_यंत्र

अवस्था प्रत्येक अंगाला दिल्या आणि घोषणांचे कोष्टक एक केले. चक्राची त्रुटी आता ज्या ओळीवर पालकाचे नाव लिहिले आहे तिथेच दिसते, मग ती ओळ जावाच्या फाइलीतली का असेना. स्थिरांकही सुटले. ‘रिमूव्ह’च्या बाबतीत उलटतपासणी यांचा इशारा वाचून लगेच चाचणी लिहिली, आणि पूर्णांकांच्या यादीतून 3 हे मूल्य काढा म्हटल्यावर माझी भाषा क्रमांक 3 वरचा घटक काढत होती. तूर्त अशा ठिकाणी कंपाइलर निवड करायचे नाकारतो आणि दोन्ही उमेदवार दाखवतो. नाव बदलायचे की नाही हे पुढच्या आवृत्तीत ठरवीन.

एवढेच विचारायचे उरले आहे, की पल्ल्याचा टाइप अनुमानातून रिटर्न टाइपमध्ये झिरपला तर तो तसाच पुढे जाऊ द्यावा काय.

प्रतिसाद : उलटतपासणी

मोड्यूलच्या आतल्या खाजगी फंक्शनांसाठी जाऊ द्यावा. बाहेर दिसणाऱ्या फंक्शनसाठी मात्र इशारा द्यावा आणि रिटर्न टाइप लिहायला लावावा, कारण नाहीतर जावाच्या बाजूला कोणी एक ॲनोटेशन वाढवले की तुमच्या मोड्यूलचा जाहीर टाइप कोणी न बदलता बदलतो आणि त्यावर अवलंबून असलेली तिसरीच मोड्यूल तुटतात. रिटर्न टाइप लिहिलेला असेल तर त्याच जागी, मूल्य बाहेर पडण्यापूर्वी, नलची तपासणी बाइटकोडमध्ये घालावी. नल पकडला गेला तर तो जावातून आत आला त्या ओळीजवळ पकडला जातो, दहा फंक्शने पुढे नाही.

प्रतिसाद : दुभाषी_यंत्र

समजले. इशारा आजच घालतो. तपासणीसाठी बाइटकोड तयार करणाऱ्या भागात थोडी फेररचना करावी लागेल, ती झाल्यावर येथेच कळवीन.